खालून दुसरं बटण

दुपारच्या जेवणानंतर लागणाऱ्या झोपेला काठ नसतो. मी नानांच्या खोलीत सतरंजीवर आडवी झाले आहे. शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येते, डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, आणि समोर पलंगावर तीन मिलिटरी ओव्हरकोट एकमेकांना खेटून पडले आहेत. तिन्ही दुसऱ्या महायुद्धातले, तिन्ही जाड खाकी लोकरीचे, तिन्हींना पितळी बटणांच्या दोन-दोन रांगा. सकाळपासून मी त्यांच्यात फरक शोधते आहे.

नाना म्हणजे माझे वडील. साताऱ्यात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, पण जीव सगळा या गणवेशांत. जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून, खेड्यापाड्यांतल्या माळ्यांवरून त्यांनी पलटणीतले कपडे जमवले. जमवून थांबले नाहीत. कपडा कुठल्या तुकडीचा, कुठल्या आघाडीवरून आलेला, हे ओळखल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. श्रावणात ते गेले.

आज चार वाजता द्वारकाबाई येणार आहेत. त्यांचे वडील, ज्ञानू निकम, इटलीत लढून परत आले होते. ते वारल्यावर त्यांचा कोट द्वारकाबाईंच्या भावाने नानांना देऊन टाकला.

"तवा मी सासरी हुते, मला कुनी इचारलं न्हाई," त्या फोनवर म्हणाल्या. "न्यायचा न्हाई मला, ताई. एकडाव अंगावर घिऊन बसायचंय. खालनं दुसरं बटान काळं हाय बगा, माझ्या आयनं लावल्यालं. बारकी हुते तवा त्येच धरून निजायची मी. कडंला माझ्या दाताचा टवका बी हाय."

तिन्ही कोटांवर काळं बटण नाही. सगळी पितळी, सगळ्यांवर मुकुट. खिसे तपासले, तेही रिकामे. कुठला कोट कुणाचा, हे नानांनी कुठे लिहूनही ठेवलेलं नाही. शेवटी पुण्याला मकरंदला, माझ्या भावाला, फोन केला.

"अगं, कुठलाही दे," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणालीस ना? त्यांना काय कळणार आहे?"

"आणि कळलं तर?"

"तर काय, कोर्टात जातील?"

व्यवहाराने तो बरोबरच होता. फक्त नानांच्या खोलीत आजवर असं कुणी बोललं नव्हतं.

डोळे मिटतात. कुकरची पुढची शिट्टी फार लांबून येते.

"माझ्या खुर्चीवर पुस्तकं कुणी ठेवली?"

नाना दारात उभे आहेत. बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर, चष्मा कपाळावर चढवलेला.

"मी. मला वाटलं, तुम्ही आता बसणार नाही."

"तुला काहीही वाटतं."

ते पुस्तकं उचलून खाली ठेवतात, सगळ्यात वरच्याचं नाव वाचून नाक मुरडतात आणि बसतात. खुर्ची करकरते. ती नेहमीच करकरायची.

ते गेलेले आहेत हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत असावं. पण पाहुण्यांसमोर घरातलं भांडण काढू नये, तसा तो विषय आम्ही दोघंही काढत नाही. मग माझ्याच्याने राहवत नाही.

"नाना, शेवटच्या दिवशी तुमचे ओठ हलत होते. आम्हाला वाटलं, देवाचं नाव घेताय."

"चहा मागत होतो."

"काय?"

"चहा गं. तर तुझी आत्या लागली मोठ्याने जप करायला. म्हटलं, राहू दे."

मला हसू फुटतं. श्रावणापासून अशी हसले नव्हते.

"पुरे आता, अनघे. खालची ओळ वाच."

खोली दुकान झाली आहे. माझ्या नाकावर डोळे तपासायची जड फ्रेम आहे आणि नाना तिच्यात एकेक काच सरकवत आहेत. समोरच्या उजळलेल्या पाटीवर अक्षरांऐवजी बाहीवर शिवायची चिन्हं आहेत. वर एकच मोठं, मग ओळीगणिक लहान होत गेलेली.

"लाल गरुड," मी म्हणते. "चौथी डिव्हिजन. आफ्रिका."

"हं."

"पिवळ्यावर काळं मांजर. सतरावी. ब्रह्मदेश."

"मांजर शेंबडं पोरही ओळखेल. पुढे."

"लालवर पिवळी पानं. आठवी. इटली."

"ज्ञानू निकम," नाना म्हणतात, जुन्या गिऱ्हाइकाचं नाव घ्यावं तसं. "आता शेवटची ओळ."

शेवटच्या ओळीत नुसती बटणं आहेत, मोहरीएवढी.

"सगळी सारखीच दिसतात."

काच बदलते. "आता?"

"सारखीच, नाना."

"मग डोळ्यांत दोष नाही. तू समोरून बघते आहेस. कपडा समोरून बघायचा नाही, किती वेळा सांगितलंय?"

सांगितलं आहे. चिन्ह उसवून काढलं तरी त्याच्याखालचं कापड उन्हाने विटलेलं नसतं. तेवढा तुकडा सावलीसारखा गडद राहतो आणि त्या आकारावरून पलटण कळते. या तिन्ही कोटांच्या बाह्यांवर तशी जागाच नाही. शाळेत असताना मी मैत्रिणींच्या घरांतल्या भिंतींवरसुद्धा काढलेल्या कॅलेंडरांच्या अशा जागा शोधत असे.

"पण बटणाखाली सावली कसली असणार?"

"सावली नाही. दोरा."

ते दुकानाचा मागचा पडदा सारतात. तिथे चष्म्यांचे खोके असायला हवेत. तिथे शेणाने सारवलेली पडवी आहे, कोवळं ऊन आहे, आणि उन्हात एक ओव्हरकोट निजला आहे. कोटाखालून दोन लहान पावलं बाहेर आली आहेत.

"हळू," नाना कुजबुजतात. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मी वाकते. मुलीने कोटाची कड तोंडाशी घेतली आहे आणि मुठीत काहीतरी घट्ट धरलं आहे. नाना तिच्याशेजारी उकिडवे बसले आहेत, हातात कात्री. त्यांचे केस काळेभोर झाले आहेत; ते माझ्याहून कितीतरी लहान आहेत. याचा मेळ बसत नाही हे मला स्वप्नातही कळतं, कारण नानांनी कोट आणला तेव्हा ही मुलगी संसाराला लागलेली होती. पण त्यांचा चेहरा कानकोंडा झाला आहे, म्हणून मी त्यांच्या हातातल्या कात्रीकडेच बघते.

"ते बटण मी कापलं," ते म्हणतात. "कोट आणला त्याच दिवशी. पितळी रांगेत ते काळं मला खड्यासारखं खुपलं. बाजार पालथा घालून मुकुटाचं बटण मिळवलं, त्या जागी लावलं. आणि दाखवत फिरलो सगळ्यांना, कोट पूर्ण केला म्हणून."

"पूर्ण!"

"हसू नकोस. जमवणारे सगळे हेच करतात. बायकोनं लावलेलं काढतात आणि सरकारनं दिलेलं लावतात." ते कात्री खाली ठेवतात. "ज्ञानूच्या बायकोला गावात पितळी बटण कुठून मिळणार? घरात होतं ते लावलं तिनं. इटलीत जेवढे हिवाळे हा कोट अंगावर होता, त्याहून जास्त हिवाळे या पडवीत होता. ते मला दिसलंच नाही."

"मग परत का नाही लावलंत?"

"अक्कल आली तोवर हरवलं होतं. कापलं आणि त्याच कोटाच्या खिशात टाकलं, एवढं पक्कं आठवतं. नंतर कितीदा हात घालून बघितलं. नाही."

"खिसा फाटका होता का?"

नाना माझ्याकडे बघत राहतात. त्यांचे केस पुन्हा पांढरे झाले आहेत. मग ते कपाळावर हात मारतात आणि चष्मा घसरून नाकावर येतो.

"खिसा फाटका होता," ते म्हणतात. "अरे देवा. आणि मी जगाला बारीक बघायला शिकवत होतो!"

मुलगी उठू नये म्हणून आम्ही दोघं तोंडावर हात दाबून हसतो. त्यांचे खांदे हलतात. मी ते खांदे बघून घेते.

"पण तिन्हींतला कोट कुठला, नाना?"

"माझा हात ओळखत नाहीस?"

माझ्या शाळेच्या फ्रॉकची बटणं नानाच लावायचे. चष्मेवाल्याच्या बायकोला सुईत दोरा ओवता येत नाही, असं आई स्वतःच सांगायची. नाना बटण कधी कापडाला चिकटवून लावत नसत. बुडाशी दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे, एकावर एक, आणि गाठ आतल्या बाजूला. फ्रॉक विरायचा, बटण हलायचं नाही.

"गार पडली आहेस," ते म्हणतात, आणि कोट माझ्या अंगावर घालतात. तरी तो मुलीच्या अंगावरही आहेच.

"थांबा ना. त्या येतीलच चारला."

"त्या काय मला भेटायला येतायत? आणि ऐक. कोट परत घेऊ नकोस."

"त्यांना न्यायचा नाहीये."

"तसं म्हणायचं असतं. पाहुण्यांना विचारून वाढायला कधीपासून लागलीस?"

ते उठतात. दुकानाचा पडदा हलतो आहे.

"नाना, चहा तरी?"

"आता विचारतेस!" ते म्हणतात, आणि पडद्याच्या आतून त्यांचं हसणं ऐकू येतं.

शेजारच्या स्वयंपाकघरात झाकण पडतं. भिंतीवरचं ऊन दारापर्यंत सरकलं आहे. पलंगावर दोन कोट आहेत. तिसरा माझ्या अंगावर आहे. तो मी कधी ओढून घेतला, आठवत नाही. लोकर गालाला टोचते आहे. माझा उजवा हात त्याच्या खिशात आहे, खिशाच्या तळाच्या उसवणीतून आत, अस्तर आणि लोकर यांच्यामधून पार खालच्या दुमडीपर्यंत गेलेला. चिमटीत काहीतरी गोल आहे.

मी घाई करत नाही. डाव्या हाताने खालून दुसरं पितळी बटण चाचपते आणि त्याच्या बुडाशी बोट नेते. वेढे आहेत. एकावर एक, घट्ट. शेजारच्या बटणाला नाहीत. त्याच्या वरच्यालाही नाहीत.

बाहेर फाटकाची कडी वाजते.

"ताई, हायसा का घरात?"

"आले, आले," मी म्हणते आणि हात बाहेर काढते. काळं बटण, चार भोकांचं. भोकांत पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा अजून अडकलेला. मी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवते. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग एका जागी अंगठा अडतो. तिथे दुधाच्या दाताएवढा टवका आहे.