फ्रिज फ्रेममध्ये नको

"हा फ्रिज काढता येईल का फ्रेममधून?"

आमच्या बेहालाच्या फ्लॅटमध्ये, आमच्याच हॉलमध्ये उभं राहून दादांनी विचारलं. हिंदीत, अगदी गोड आवाजात. दादा म्हणजे इथले नावाजलेले दिग्दर्शक. कोलकात्यात सेटवर मोठ्या माणसाला सगळे दादाच म्हणतात. दलित मुलामुलींना सिनेमात उभं करायचं म्हणून त्यांच्या संस्थेने योजना काढली होती. कॅमेऱ्यासाठी माझी निवड झाली होती. एक शॉर्ट फिल्म मी शूट करायची, पडद्यावर छायाचित्रण म्हणून माझं नाव यायचं. त्या एका नावासाठी मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या लेन्स पुसत आले होते.

पण आधी माझ्यावरच एक छोटी फिल्म करायची होती. देणगीदारांना दाखवायला. ही पोरगी कुठून आली ते.

कुठून येणार? बाबा बँकेत अधिकारी, वर्ध्याहून बदली होऊन आलेले. मी याच गल्लीत वाढले.

फ्रिज हलवला. सोफ्यावर जुनी चादर टाकली. दादा बाबांना म्हणाले, इस्त्रीचा शर्ट काढून बनियनवर बसाल का? बाबा उठून गॅलरीत गेले. मग राहिली आई. बिचारीने सकाळपासून सगळ्यांसाठी पोहे केलेले, ठेवणीतली साडी नेसलेली.

"माँजी, घरात वापरता ती जुनी साडी असेल ना?"

आई हसली. दारी आलेल्या माणसाला नाही म्हणणं तिच्याच्याने होत नाही. आत गेली आणि विटकी साडी नेसून आली. तिला खाली फरशीवर बसवलं, पुढ्यात भाजी ठेवली.

दादांबद्दल संशय मला पहिल्या दिवसापासून होता. का नसावा? मी लहान असताना इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी फराळाला आम्ही गेलो होतो. चार आपली माणसं भेटतील म्हणून. आईने करंज्या नेल्या होत्या. कुणीतरी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातला मोहल्ला. निघताना आईच्या हातात डबा परत आला. तसाच, भरलेला. वर तिथल्या बाई "खूपच उरलं हो सगळं" असं हसून म्हणाल्या. आमच्या करंज्यांना कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तेव्हापासून गोड बोलणारा माणूस भेटला की मी आधी त्याच्या हातांकडे बघते.

दादा सारखे म्हणायचे, "आमच्या बंगालमध्ये जातपात नाही." अहो, मग माझी जात शोधत कशाला आलात? त्यांच्या टीममधली आडनावं मी नीट वाचली होती. सगळी वरची.

कॅमेरामनने भिंतीवरचा फोटो उतरवायला हात घातला. निळ्या कोटातला, आमच्या प्रत्येक घरात असतो तो.

"नाही, नाही," दादा घाईने म्हणाले. "तो राहू दे. तोच तर हवाय."

मी फोटोकडे पाहिलं. कडक सूट, टाय, मान ताठ. आणि त्याच्या खाली माझी आई, विटक्या साडीत, फरशीवर. आम्ही असे कपडे घालून, अशी मान वर करून जगावं म्हणून ज्या माणसाने आयुष्य घातलं, त्याला शोभेसाठी ठेवून त्याच्या लेकीला खाली बसवलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"अ‍ॅक्शन," दादा म्हणाले. आईने सुरी उचलली.

"कट!" मी ओरडले.

सेटवर कट फक्त दिग्दर्शक म्हणतो. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, काहीही होवो. पण कॅमेरामनच्या हाताने सवयीने बटण दाबलं, कॅमेरा थांबला.

"आई, ऊठ. तुझी साडी नेसून ये."

"अगं, पाहुणे आहेत ना..."

"पाहुणे घरातलं सामान हलवत नाहीत."

दादा समजुतीने म्हणाले, "हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय."

"मग कॅमेरा माझ्याकडे द्या. आईला मी शूट करते. फ्रिजसकट."

"लोकांना पटणार नाही," ते म्हणाले. "हे घर दलिताचं वाटत नाही."

बाबा गॅलरीतून आत आले. एकट्याने फ्रिज ढकलत जागेवर नेला आणि प्लग लावला.

माझी शॉर्ट फिल्म गेली. कॅमेरा दादांच्या लाडक्या विद्यार्थ्याला मिळाला. मला निरोप आला, हवं तर सहायक म्हणून ये. गेले नाही. रडले मात्र खूप, खोटं कशाला बोलू? आईने विचारलं, "माझ्यामुळे गेलं का गं तुझं?" तिला तसं वाटावं, याचा राग अजून माझ्या पोटात आहे. तो मी विझू देणार नाही.

परवा त्याच संस्थेचा फोन आला. नवी मुलं घेतली आहेत. मंचावर ये, तुझा संघर्ष सांग, आईलाही आण.

"कॅमेऱ्यावर कोण आहे?" मी विचारलं.

"आपलीच नेहमीची टीम."

"मग नाही येत."

सध्या मी हावड्याला लग्नांचं शूटिंग करते. कॅमेरा भाड्याचा, पण हात माझा. माझी फिल्म मी करणार आहे, याच हॉलमध्ये. आई सोफ्यावर बसेल, ठेवणीतल्या साडीत. बाबा इस्त्रीच्या शर्टात. फ्रिज मधोमध दिसेल. आणि कट मी म्हणेन.