विरजणाची वाळू

शिंपीमास्तरांनी आयुष्यात काही फेकून दिलं असेल, तर ते लोकांचे सल्ले. बाकी चिंध्या, फुटकी बटणं, मोडक्या चेनी, सगळं दुकानातल्या एका पोत्यात जमा. "कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही," हे त्यांचं ब्रीद, आणि बायकोच्या मते दुखणं.

शिलाई मशीनशेजारी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. तिच्यात एकच मासा, केशरी अंगावर पांढरे पट्टे. लेकीने शाळेत असताना हट्टाने आणलेला. आक्का हे नावही तिनेच ठेवलेलं. लग्न होऊन लेक दूर गेली, आक्का राहिली. रविवारी फोन आला की पहिला प्रश्न, "आक्का कशी आहे?" आईबापांचा नंबर नंतर. मास्तर वरवर कुरकुरत, पण आक्काला काही झालं तर लेकीला काय तोंड दाखवायचं, या धास्तीने सकाळी दुकान उघडलं की आधी टाकीत डोकावत.

लेकीने मोठी टाकी पाठवली. ती बसवायला आलेल्या मासेवाल्याने बजावलं, "जुनी वाळू सगळी घालू नका. तळाची घाण ढवळली तर मासा जाईल." मास्तरांनी ओळखलं, ह्याला नवी वाळू खपवायची आहे.

तो गेल्यावर त्यांनी आक्काला बादलीत ठेवलं आणि जुनी टाकी उपसली. तळाची वाळू काळीकुट्ट, सडक्या अंड्यासारखा वास! पण मळलं म्हणून कापड कोणी फेकतं का? त्यांनी बाह्या सरसावल्या आणि नळाखाली वाळू खसाखसा धुतली. टाकीतले दगडही ब्रशने घासले. सगळं पांढरंशुभ्र झाल्यावर कौतुकाने बायकोला हाक मारली.

तिने कपाळाला हात लावला. "अहो, ह्या वाळूत जीव असतो. डोळ्यांना न दिसणारा. माशाची घाण तोच पचवतो. तुम्ही तो धुऊन काढलात! मासेवाला सांगत होता तेव्हा लक्ष कुठे होतं?"

"त्याच्या कॉलरकडे," मास्तर पडेल आवाजात म्हणाले. "वाकडी शिवली होती."

बादलीत आक्का गोल गोल फिरत होती. मास्तर बादलीपाशी उकिडवे बसले. रविवारी काय सांगायचं?

बायको आत गेली आणि एक वाटी घेऊन आली. "वरची स्वच्छ वाळू. तुमची ढवळाढवळ सुरू व्हायच्या आधीच काढून जुन्या पाण्यात ठेवली होती. तुम्हाला काय मी आज ओळखते?"

"एवढीशी?"

"विरजण काय पातेलंभर लावतात?"

नव्या टाकीत धुतलेल्या वाळूवर ती वाटी रिकामी झाली. पुढचे काही दिवस बायको आक्काला चिमूटभरच खाणं घालू देई आणि रोज थोडं पाणी बदलायला लावी. आक्का कोपरा सोडेना. मास्तरांनी त्या काळजीत एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या आणि त्याच्याशीच भांडले. मग एका सकाळी मशीन सुरू झालं, तशी आक्का सुळकन काचेपाशी आली. मास्तरांनी मान वळवून डोळे पुसले. बायकोला म्हणाले, धागा गेला.

रविवारी लेकीने विचारलं, "नव्या घरात करमतं का तिला?"

"आता करमतंय. आईने जुन्यातली वाटीभर वाळू दिली ना सोबत."

 पलीकडून लेक हसत म्हणाली, "मला नाही दिलंत हो काही." हसणं नेहमीचं नव्हतं. बापाला शिवण उसवल्याचा आवाज लांबून कळतो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पोतं उपसलं. तळाशी तिच्या पहिल्या फ्रॉकचा फुलाफुलांचा तुकडा होता, शाळेच्या गणवेशाची पट्टी होती, मोठेपणी हट्टाने शिवून घेतलेल्या झग्याची झालर होती. त्या तुकड्यांची त्यांनी एक छोटी उशी शिवली. मग मोह आवरेना. उरलेल्या चिंध्याही ते लेकीला धाडायच्या खोक्यात कोंबू लागले.

बायकोने त्यांचा हात धरला. तिचेही डोळे भरले होते. "अहो, पोतं नको," ती म्हणाली. "वाटीभरच."