तीनशे अंशांवर भाजलेली पूड

कारखान्यात त्याला सगळे ताण्या म्हणत, कारण बावीस वर्षं तो एकच काम करत आला होता: डमरूच्या आकाराची रबराची पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ताणायची. घरातही त्याची पद्धत वेगळी नव्हती, असं बायकोचं मत.

त्याचा सख्खा वैरी म्हणजे सख्खा मेहुणा, तिथलाच खरेदी अधिकारी. सहा वर्षांपूर्वी ताण्यानं त्याचा पहिलाच माल नापास केला, तेव्हापासून दोघांत अबोला. कागद साहेबांमार्फत जात, निरोप बायकोमार्फत; ती ते जरा धुऊन-पुसून पोचवायची.

यंदा मेहुण्यानं कृत्रिम रबरात मिसळायची नवी पांढरी पूड आणली. तिच्या कणाकणावर मेणचट लेप. त्यामुळे गुठळ्या न होता पूड रबरात नीट पसरते आणि पट्टी उशिरा तुटते. ताण्याच्या यंत्रावर मात्र पट्ट्या पटापट तुटल्या, तुटल्या जागी पांढरे ठिपके. इतका खूश तो बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"लेपबिप काही नाही साहेब. नुसता खडू आणलाय यानं."

"भावोजींना तोडण्यापलीकडे काय येतं?" मेहुणा साहेबांकडेच बघत म्हणाला.

साहेब दोघांना विटले होते. "ज्याची चूक निघेल तो उद्यापासून गोदामात."

ताण्यानं पाण्याचा ग्लास मागवला. "लेप असला तर पूड तरंगते, नसला तर बुडते." पट्ट्यांसाठी तयार केलेल्या आपल्या ट्रेमधली चमचाभर पूड त्यानं पाण्यात सोडली. ती गपकन तळाशी गेली.

मेहुण्यानं शांतपणे त्याच मालाचं बंद पोतं फोडलं. त्यातली पूड पाण्यावर कोरडीठाक तरंगत राहिली.

ताण्याचा चेहरा उतरला. पूड वाळवल्याशिवाय रबरात घालायची नाही, हा त्याचा जुना नियम. त्याला सव्वाशे अंश पुरतात. पण ओलीवर त्याचा माणसांइतकाच अविश्वास, म्हणून तो तीनशेवर आठ तास भाजायचा. जुन्या, बिनलेपाच्या पुडीला त्यानं काही होत नसे. हिचा लेप जळून गेला होता.

मेहुण्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. पोत्यांसोबत आलेली सूचना: भाजू नये.

"हा तुझ्याकडे होता?" सहा वर्षांतलं पहिलं थेट वाक्य.

"महिनाभर. येऊन विचारलं असतंत तर दिला असता."

"तुझ्या दारात? त्यापेक्षा गोदाम बरं."

"मग जा की!"

अहवाल ताण्यानंच लिहिला. पट्ट्या कमजोर, लेप जळाल्यामुळे. भाजणारा: मी. खाली एक ओळ वाढवली: सूचनेचा कागद महिनाभर खरेदी अधिकाऱ्याच्या खिशात होता.

साहेबांनी तो दोनदा वाचला आणि दोघांनाही गोदामात धाडलं.

तिथं टेबल एकच. ताण्यानं पहिल्याच दिवशी त्यावर मधोमध खडूची रेघ ओढली. मेहुण्यानं फूटपट्टी लावून मोजली. रेघ त्याच्याच बाजूला अर्धं बोट सरकलेली होती.