उंबऱ्यावरची पिवळी खूण

सर्व्हेच्या ऑफिसात किस्से जमत नाहीत रे, भरावासारखे चढत जातात! एक दाबून बसवला की दुसरा डंपर हजर.

आमचं ऑफिस कोपरला. माणसं तीन. प्रभुदेसाई सर, मी आणि धर्मादादा. आम्ही जमिनीची उंची मोजतो. मी यंत्रातून बघते, धर्मादादा समोर पट्टी धरून उभा राहतो, सर दोघांवर ओरडतात. उंची मोजायला एक न हलणारी वस्तू लागते, तिला बेंचमार्क म्हणतात. ठाणे-कल्याणात न हलणारी वस्तू शोधणं हाच अर्धा जॉब आहे!

ठाण्याच्या बाळकुम गावासाठी आमचा बेंचमार्क म्हणजे धर्मादादाच्याच घराचा उंबरा. काळा दगड, त्याच्या आजोबांनी बसवलेला. त्यावर पिवळ्या रंगाची खूण. आजूबाजूचं सगळं गाव बदललं, उंबरा तिथेच.

* * *

आंबिवलीच्या बाजूला एका टेकडीवर आम्ही खडकावर खूण केलेली. दोन वर्षांनी परत गेलेलो, तर खूण नाही. खडक नाही. टेकडीच नाही! नुसता खड्डा आणि एक वॉचमन.

"क्या ढूंढ रहे हो मॅडम?"

"इधर पहाड़ था ना?"

"वो तो गया."

"कहाँ गया?"

"डंपर में."

सर शांतपणे वहीत लिहितायत, "बेंचमार्क सापडला नाही." माझं डोकं फिरलं. "सर, डोंगर सापडला नाही असं लिहा ना!"

"त्याला कॉलम नाही, बाळ."

* * *

डोंगराचा उतार जास्त असला की तिथे बांधायला परमिशन मिळत नाही. एक क्लायंट आमचा नकाशा घेऊन आला आणि सरांना अगदी गोड आवाजात म्हणतो, "एवढा उतार कशाला दाखवता? थोडा सरळ करा ना."

सर म्हणाले, "साहेब, मी उतार मोजतो. इस्त्री करत नाही!"

तो नकाशा गुंडाळून गेला तो गेलाच, दुसऱ्या कुणाकडे तरी. त्या उतारावर आता टेनिस कोर्ट आहे. एकदम सपाट!

* * *

अजून एक साइट. जुन्या नकाशात नाला, जागेवर चकाचक लॉन.

"नाला होता, आम्ही डायव्हर्ट केला," तिथला मॅनेजर म्हणाला.

धर्मादादाने पट्टी खाली ठेवली. "पान्याला सांगितलं का?"

सगळे हसले. ऑगस्टमध्ये पाणी मेन गेटमधून आत आलं, लॉन ओलांडून थेट लिफ्टपाशी! आणि त्याच गेटवर आम्हा तिघांकडे आधार कार्ड मागितलेलं. पाण्याला कुणी काही विचारलं नाही!

* * *

पुढच्यावर मला हसू येत नाही, आधीच सांगते.

धर्मादादाच्या घराच्या तिन्ही बाजूंना भराव पडला. कुठल्यातरी डोंगराचा मुरूम टॉवरांच्या खाली, आणि ह्याचं घर वाटीच्या तळाला. खाडीच्या भरतीच्या वेळेला जोराचा पाऊस असला की रिकामा सिलिंडर तरंगत बाहेरच्या खोलीत येतो! गटारासाठी त्याने तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आलं, "आपले घर सखल भागात असल्याने पाणी साचणे स्वाभाविक आहे."

सर एवढे ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. "सखल? तो उंबरा मी तीस वर्षं मोजतोय! एक सूतही खाली गेलेला नाही!"

धर्मादादाने कागदाची घडी करून खिशात ठेवली. "घर नाय खाली गेलं साहेब. बाकीचे वर गेले."

* * *

आणि आता हा गेल्या महिन्यातला. धर्मादादाच्या शेजारच्याच टॉवरचा इंजिनियर ऑफिसात घुसला. "तुमच्या लेव्हलने वाट लावली आमची! गेट रस्त्याच्या फूटभर खाली! सगळं पाणी बेसमेंटमध्ये!"

तिथल्या रस्त्याची मोजणी मीच केलेली. म्हटलं गेली नोकरी! वह्या तीनदा तपासल्या, आकडे बरोबर. शेवटी सर उठले. "चला, बाळकुम."

इंजिनियरही मागोमाग आला.

उंबरा तोच. पिवळी खूण तीच. पण दगडाच्या खाली विटांचे तीन नवे थर!

म्हणजे उंबरा फूटभर वर गेलेला, आम्ही त्याची उंची जुनीच धरलेली, म्हणून आमच्या कागदावर रस्ता फूटभर खाली. आणि तो कागद बघून ह्यांनी गेट बांधलं. उंबऱ्यावर मोजायला पट्टी कुणी धरलेली? धर्मादादानेच!

सर मटकन उंबऱ्यावरच बसले. "अरे धर्मा, बेंचमार्क आहे हा!"

"खूण नाय पुसली साहेब," तो घाईघाईने म्हणाला. "गवंडी काम करी तवर फडक्यान बांधून ठेवलेली. या टायमाला घरान पानी नाय आयलं."

सर खुणेवरून नुसता अंगठा फिरवत राहिले.

"अहो, पण आमच्या बेसमेंटचं काय?" इंजिनियर किंचाळला.

धर्मादादाने खिशातून तो घडीचा कागद काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"अर्ज करा साहेब. उत्तर तयार हाय."