डावरीला बसेल ते कॉलेज

आता तिला सगळे डॉक्टरताई म्हणतात. केस पिकलेत, दवाखाना तरुण डॉक्टरांच्या हाती सोपवून ती दुपारनंतर घरीच असते. पण माहेरी तिला कधी कोणी डॉक्टर म्हटलं नाही. तिथे ती डावरी. पेन्सिल धरायला लागली तेव्हापासून डावरी. आत्याने बोटांवर पट्टी मारून पाहिली, आईने चमचा उजव्या हातात कोंबून पाहिला, पण डावा हात काही हट्ट सोडेना. बाबा म्हणायचे, "असू दे गं. मला कुठे लेकरांत उजवं-डावं करायचंय!" आणि स्वतःच्याच विनोदावर कितीतरी वेळ हसत राहायचे.

बाबांचं फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. शाळेतून आली की डावरी तिथे ठाण मांडायची. चौकटीचे कोपरे घासायचे, दोन पट्ट्यांमधून नख जाणार नाही इतके जुळवायचे. हातांनी काहीतरी नेमकं करण्याची गोडी तिला तिथेच लागली. पुढे शाळेच्या शेवटच्या परीक्षेत मार्क चांगले पडले, दातांच्या डॉक्टरकीसाठी दोन कॉलेजांत नाव लागलं, आणि घरात दोन तट पडले.

एक कॉलेज मोठ्या शहरात, दिवसभराच्या प्रवासावर. नाव असं की सांगितल्यावर समोरचा माणूस सरळ बसावा. फी मात्र अशी, की घराचा वरचा मजला विकल्याशिवाय भागणार नव्हतं. दुसरं जुनं सरकारी कॉलेज, बसने दोन-अडीच तासांवर. तिथली फी इतकी कमी की आत्याला त्याचाच संशय आला.

आत्या शाळेत शिकवायची, घरातला शेवटचा शब्द बहुधा तिचाच. "स्वस्तात मिळतंय ते का मिळतंय, याचा जरा विचार कर," ती बाबांना म्हणाली. "पोरीचा जन्माचा प्रश्न आहे."

"विकू मजला," बाबा म्हणाले. "मजला काय, पुन्हा चढवता येतो."

आई इतका वेळ कपड्यांच्या घड्या घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे तर अंथरूणच विकायला निघालेत."

शेवटी ठरलं, दोन्ही कॉलेजं आधी डोळ्यांनी बघून यायची. बाबांनी चार दिवस दुकान बंद ठेवलं आणि लेकीला घेऊन निघाले.

मोठ्या शहरातलं कॉलेज बघून दोघं बिचकलीच. काचेच्या भिंती, चपला काढाव्यात की काय असं वाटावं इतकी चकचकीत फरशी. एका हॉलमध्ये प्लास्टिकची डोकी रांगेने बसवलेली, तोंडं उघडून. मुलं त्यांच्या दातांवर हात साफ करत होती. दाखवायला आलेली बाई फार गोड बोलायची. तिने डावरीला एका खुर्चीमागच्या स्टुलावर बसवलं. हत्यारांचा ट्रे उजवीकडे, ड्रिलची वायर उजवीकडे, सगळं जमिनीत पक्कं बसवलेलं. डावरीने सवयीने डावा हात पुढे केला, तर तो स्वतःच्याच छातीवर आडवा आला.

"मी डावरी आहे," ती हळूच म्हणाली.

"काही हरकत नाही," बाई म्हणाली. "मागे एक मुलगा होता तसा. त्याने हात बदलला. होते सवय."

परतीच्या वाटेवर बाबा हरखून बोलत होते. वरचा मजला कोणाला विकायचा, हेही त्यांनी मनात पक्कं केलं होतं. डावरी खिडकीबाहेर बघत हो-हो म्हणत राहिली.

जुन्या कॉलेजात शिरताच आधी लवंगेच्या तेलाचा वास आला, मग गलका. एका लांबलचक हॉलमध्ये रंग उडालेल्या लोखंडी खुर्च्या आणि बाकांवर गाल धरून बसलेली माणसं. बाबा ऑफिसात काही विचारायला गेले आणि डावरी दाराशी उभी राहिली. जवळच्या खुर्चीत एक आडदांड हमाल बसला होता. पोती उचलणारा गडी, पण चिमटा बघून त्याची दातखीळच बसली होती. शिकणारी मुलगी घामाघूम झालेली. दिव्याचा दांडा सैल, तो सारखा खाली येत होता. "अगं, जरा हा धर ना!" तिने डावरीलाच सांगितलं. डावरीने दिवा धरला. हमालाने तिचा दुसरा हात असा आवळला की बोटं कळवळली. दात निघाला तेव्हा तोच तिला म्हणाला, "दुखलं नाही ना तुला?"

मागून कोणीतरी विचारलं, "डावरी का गं?"

ती दचकून वळली. कपाळावर चष्मा चढवलेले एक स्थूल सर उभे होते.

"तुम्हाला माझं नाव कसं कळलं?"

"नाव?" सर हसले. "दिवा कोणत्या हाताने धरलायस ते बघ की."

त्यांनी तिला हॉलच्या टोकाला नेलं. तिथे एक जुनाट खुर्ची होती आणि ड्रिल चाकांच्या स्टँडवर. सरांनी पायाने ढकलून तो स्टँड डाव्या बाजूला आणला. "यंत्रं जुनी आहेत, म्हणून हलतात. बस."

ती बसली. हात जिथे जायला हवा तिथे आपोआप गेला.

बसमध्ये तिने बाबांना सांगितलं, मला इथेच शिकायचंय. बाबांनी तिकिटं घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मजल्यासाठी म्हणतेस का?"

"थोडं त्यासाठीही. पण तिकडे माझी निम्मी वर्षं हात बदलण्यात जातील, बाबा. इथे निदान दात काढायला तरी शिकेन."

"दात काढायला तर तू जन्मापासून शिकलीस," बाबा म्हणाले, आणि दोघंही इतकी हसली की कंडक्टर वळून बघायला लागला.

आत्याने महिनाभर अबोला धरला. तिचंही अगदीच चुकलं नव्हतं. कधी दातांचे साचे ओतायचं प्लॅस्टर संपलेलं, कधी पाणी नाही, वाचनालयात पुस्तकांची पानं गायब. मोठ्या शहरात गेलेली शाळेतली मैत्रीण सुट्टीत भेटली की तिथल्या प्रयोगशाळांचं वर्णन करायची, आणि डावरी हॉस्टेलवर परतून उशीत तोंड खुपसायची. आपण बाबांची दया येऊन स्वतःचं नुकसान करून घेतलं की काय, असं तिला पहिली दोन वर्षं कितीदा वाटलं. पण पुढे पेशंट हाती आले आणि असा विचार करायला सवड उरली नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक पूर्ण कवळी करून दाखवावी लागे, आणि बोळकं तोंड शोधायचं ज्याचं त्याने. बाबांचे सगळे दात केव्हाच गेले होते. इतकी वर्षं कवळीचं नाव काढलं की टाळाटाळ करणारे बाबा आपणहून म्हणाले, "मी येतो की. माझ्याहून गरीब पेशंट तुला कुठला मिळणार!"

मग दर आठवड्याला इस्त्रीचा शर्ट घालून ते बसने यायचे. मापाचा लगदा तोंडात भरला की डोळ्यांतून पाणी वाहायचं, तरी बोटांनी 'ठीक आहे' अशी खूण करायचे. नंतर दोघं कॅन्टीनमध्ये बसत. बाबा बिस्किटं चहात बुडवून खात आणि घरी कधी न बोललेलं बोलत. त्यांच्या वडिलांबद्दल, दुकान काढलं त्या दिवसांबद्दल, आईला आधी किती घाबरायचे त्याबद्दल. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की डावरीला दुकान दिसत नाही, ते कॅन्टीनचं टेबल दिसतं.

एका आठवड्यात मेणात बसवलेले दात घालून बघायचे होते. बाबांनी आरसा हातात धरला आणि बघतच राहिले.

"छान आहेत. पण कोणाचे आहेत?"

"तुमचेच की."

"माझा वरचा एक शेजारच्यावर चढलेला होता गं. हा इथला. ही रांग फार शहाणी दिसते."

डावरी सरांना विचारायला गेली. सर म्हणाले, "परीक्षक सरळ रांग बघतो. मार्क जातील." मग चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "दात तुझ्या वडिलांचे. तू ठरव."

तिने पातं तापवलं, मेण मऊ केलं आणि तो एक दात अलगद तिरका वळवला. मार्क गेलेच.

कवळी तयार झाली त्या दिवशी तीही बाबांबरोबर घरी आली. बसमध्ये बाबा एक शब्द बोलले नाहीत, ओठ गच्च मिटलेले. दार आईने उघडलं. बाबा उंबऱ्यातच थांबले आणि हसले.

आई दाराला हात लावून उभी राहिली. बघता बघता तिचा चेहरा लग्नाच्या फोटोतल्यासारखा झाला.

"अगंबाई," ती म्हणाली, "इतकी वर्षं कुठे होतात?"