दोन कंपन्यांचे मावळे

सैनिकांच्या छोट्या पुतळ्यांनी टेबलावर ऐतिहासिक लढाया खेळायचा नाद मला कॉलेजातल्या मित्राने लावला. घरातला पहिला पदवीधर मी, असले छंद आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हते. मला हे जग दाखवल्याबद्दल त्याचे उपकार मानत असे. माझे मावळे दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेले होते, त्यामुळे काही उंच, काही ठेंगणे. "ठेंगण्यांखाली पुठ्ठा चिकटव, कुणाला कळणार नाही," असं त्यानेच शिकवलं.

नवीन पनवेलच्या स्पर्धेत आम्ही समोरासमोर आलो. मी जिंकायला आलो, तेव्हा तो पंचांना म्हणाला, "सर, याने पुठ्ठा लावून उंची वाढवलीय. त्यामुळे याच्या मावळ्यांना भिंतीपलीकडचं दिसतं, नियमाबाहेर नेम धरता येतो."

पंचांनी एक मावळा उलटा करून पाहिला आणि माझी फौज बाद केली.

"अरे, खेळ आहे, मनाला लावून घेऊ नकोस," तो हसत म्हणाला.

विचुंब्याला घरी परतताना तो नेहमी माझ्या गाडीवर मागे बसायचा. त्या दिवशी मी त्याला न सांगताच निघालो.