बडेबाबूंनी साहेबांना जेवू घातलं

"जमलं असतं."

पहिला घास तोंडात गेला की ते डावा डोळा मिटत, उजव्या डोळ्यानं छताकडे पाहत आणि घास गिळून हे दोन शब्द बोलत. चांगलं झालं असं नाही, बिघडलं असंही नाही. जमलं असतं, म्हणजे करणारा त्यांच्याइतका जाणता असता तर. तुमच्याही गल्लीत किंवा कचेरीत असा एखादा माणूस असेलच. आमच्या सौंसरला ते तहसिलीचे हेडक्लार्क होते. सगळे त्यांना बडेबाबू म्हणत. मीही इथं तेवढंच म्हणतो.

मी बोरगावजवळच्या खेड्यातला. घरी कापूस आणि थोडी संत्र्याची झाडं. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिलाच. नागपूरहून बी.ए. होऊन तहसिलीत कारकून लागलो, तेव्हा माझे कागद पाहून बडेबाबू म्हणाले, "बीए आहे का? मग जेवणाचं कसं करून राहिला?" त्या दिवसापासून माझं नाव बीए पडलं आणि त्यांच्या घरामागची खोली मला राहायला मिळाली. मी लिहिलेला पहिला मसुदा त्यांनी डावा डोळा मिटून वाचला. "जमलं असतं," म्हणाले, आणि माझ्याकडून तो सात वेळा लिहून घेतला. सरकारी कागद कसा लिहावा हे मला जे काही येतं ते त्यांचं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून तुम्ही मला कृतघ्न म्हणाल, तेव्हा निदान एवढं लक्षात असू द्या.

महिन्यातला एक रविवार पांढुर्ण्याचा असे. पांढुर्णा मोठ्या लाईनवरचं गाव, स्टेशनमुळं हॉटेलं बरी. घरून निघताना ते बाजाराच्या कामाला जातो असं सांगत, पण पिशवी रिकामीच परत येई. स्टेशनच्या रस्त्यावर एक आलुबोंड्याचं हॉटेल होतं. मालक आम्हाला बसमधून उतरताना पाहूनच कपाळाला हात लावी. बडेबाबू बोंडा अंगठ्यानं फोडत, आत वाकून पाहत आणि मालकाला बोलावून घेत.

"शेटजी, आलू कालचे आहेत."

"आजचे आहेत बडेबाबू. सकाळीच उकडले."

"मग सकाळ कालची असेल."

"तुमीच या ना आत. तळून दाखवा एकदा."

"सरकारी नोकर आहे मी. दुसरा धंदा करता येत नाही."

एकदा मालक चिडून म्हणाला, "एवढे वाईट आहेत तर चार कसे गेले?" बडेबाबू मिशी पुसत शांतपणे म्हणाले, "चौथ्यापर्यंत सुधारतात का, ते पाहून राहिलो होतो."

जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो आणि कोणाच्या नवसाच्या रोडग्यांच्या पंगतीला बसलो, तर तिथं ते देवाच्या धाकानं बोलत नसत. डावा डोळा मात्र मिटायचाच.

घरी सणाचा स्वयंपाक ते स्वतः करत. म्हणजे तसं ते सांगत. प्रत्यक्षात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून, खांद्यावर पंचा घेऊन बसत. काकूंनी पुरणात गूळ घातला की ते म्हणत, "आता गूळ घाल." काकूंनी पोळी उलटली की म्हणत, "उलट, उलट, जळून राहिली!" काकू काही बोलत नसत. कारण बोलायला थांबलं तर पोळी खरंच जळाली असती. पंगत बसली की बडेबाबू वाढताना प्रत्येकाला सांगत, "आज पुरण मी केलं, बरं का." पाहुणे त्यांची तारीफ करत. काकू आतून पुढची पोळी पाठवत.

वर्षातून एकच दिवस त्यांची पंचाईत होई. भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसत. त्यांच्या जेवणाचा दिवस म्हणजे सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पुरणपोळ्या. आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी काही चाखायचं नाही. काकू सोवळ्यात. बडेबाबूंना उंबऱ्याच्या आत बोटही घालायची बंदी. ते दाराबाहेर उभे राहून नाक फुगवत.

"कढीत मीठ कमी वाटून राहिलं."

"वासानं मीठ समजते का जी?" काकू आतून विचारत.

"अनुभवानं समजते."

"मग आज अनुभवानंच पोट भरा."

सगळा स्वयंपाक काकू न चाखता, नुसत्या हाताच्या अंदाजानं करत. कढीत मीठ कमी आहे असं नंतर कधी कोणाला वाटलं नाही. बडेबाबूंना वाटे, पण ते तिसऱ्या वाटीच्या वेळी.

या माणसाला खाली मान घालायला लावणारं एकच माणूस होतं. काकूंची आई लोधीखेड्याला एकटी राहत होती. दृष्टी गेलेली. मुलीकडे येऊन राहायला कबूल नाही. म्हणे, या घराच्या भिंती हाताला ओळखीच्या आहेत, दुसरीकडे मी आपटून मरीन. दर शनिवारी अर्ध्या दिवसानं कचेरी सुटली की बडेबाबू काकूंनी भरलेला डबा घेऊन छोट्या गाडीनं लोधीखेड्याला जात, रात्री राहत, रविवारी म्हातारीचं पाणी भरून, लाकडं फोडून परत येत. पांढुर्ण्याच्या रविवारी भल्या सकाळीच हे उरकून घेत. एकदा मीही सोबत गेलो. डबा आपणच केला असं ते तिथंही सांगत. म्हातारीनं घास तोंडात घातला आणि म्हणाली, "जावईबुवा, वांगं कच्चं ठेवलं तुमी."

बडेबाबू म्हणाले, "हाव जी. चुकलंच." गाडीत माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बीए, हे कचेरीत सांगायचं काम नाही."

आणि मग छप्पन साली जुना प्रांत मोडायची वेळ आली. नागपूर मुंबईकडे जाणार, आम्ही भोपाळकडे. सौंसरात बोलणं आपलंच राहिलं, पण राजधानी आठ-नऊ तासांच्या गाडीनं दूर गेली. नागपूरचे अनेक बाबू भोपाळला जायला तयार नव्हते. तेव्हा तिथल्या नव्या कचेऱ्या भरायला जिल्ह्यांतून जुनी, मुरलेली माणसं उचलणार अशी बातमी आली. आमच्या तहसिलीत मुरलेलं माणूस एकच होतं.

बडेबाबू कचेरीत हसत म्हणाले, "मला काय, कुठंही पाठवा. फक्त तिकडं भाजीत फोडणी देतात का, ते आधी विचारून घ्या." पण त्या शनिवारी ते डबा घेऊन निघाले तेव्हा दारात थांबले आणि काकूंना म्हणाले, "म्हातारीला नेता येत नाही अन् सोडता येत नाही. कसं करू, सांग." काकूंनी डब्याची कडी पुन्हा एकदा लावली. ती आधीच लागलेली होती.

माणसं निवडणारे साहेब दौऱ्यावर निघाले आणि सौंसरचा त्यांचा मुक्काम नेमका महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आला. बडेबाबूंना हे दैवी वाटलं. साहेबांना प्रसादाला बोलवायचं, पोटभर जेवू घालायचं आणि हात धुताना हळूच सांगायचं: सर, सासू आंधळी आहे, दुसरं कोणी नाही, मला इथंच राहू द्या. ते वाक्य त्यांनी हिंदीत माझ्याकडून लिहून घेतलं आणि तीन दिवस पाठ केलं.

काकूंना ते पटलं नाही. "त्याले अर्ज द्या ना सरळ. जेवण कायले?"

"तुला कचेरीतलं समजत नाही."

"मले माणसाचं समजते. ज्याले चांगलं मिळते तो ते सोडून जाते का?"

बडेबाबू तोवर पत्रावळी निवडायला गेले होते.

साहेब आले. उत्तरेकडचे, धिप्पाड. विलायती पँटीत पाटावर बसताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. मी कढी वाढत होतो. पहिली पुरणपोळी त्यांनी तुपाच्या वाटीत बुडवून तोंडात घातली आणि बोलणं बंद झालं. दुसरी, तिसरी, चौथी. सहावीनंतर मी मोजणं सोडलं. मग वडा, मग आंबील, मग पुन्हा पोळी. शेवटी त्यांनी मागं टेकायला भिंत शोधली आणि विचारलं, "बडेबाबू, ये सब बनाया किसने?"

बडेबाबूंच्या ओठांवर सासूचं वाक्य तयार होतं. मी शपथेवर सांगतो, "सर, सास" एवढं मी ऐकलं. पण तारीफ समोर आली, आणि ज्या माणसानं आयुष्यभर ती उंबऱ्याशी बसून दुसऱ्याच्या नावची घेतली होती, त्याला ती सोडवली नाही.

"हमने ही, सर. बचपन से शौक है. घरवाली थोड़ा हाथ बँटा देती है."

त्या दिवशी तर ते उंबऱ्याच्या आतही गेले नव्हते. दारामागं काकूंच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

"अरे!" साहेब म्हणाले. "आप तो बड़े काम के आदमी निकले."

सासूचं वाक्य राहूनच गेलं. साहेब गेल्यावर बडेबाबू अंगणात येरझाऱ्या घालत मला म्हणाले, "खूश आहे बीए. आता मागितलं ते देईल."

पंधरा दिवसांत हुकूम आला. बदली भोपाळ, थेट त्या साहेबांच्या कचेरीत. कुटुंबासाठी क्वार्टर सध्या नाही. बडेबाबूंची सोय साहेबांच्या बंगल्यामागच्या खोलीत केली आहे. साहेबांचं कुटुंब गावी असतं आणि त्यांच्या जेवणाचे फार हाल होतात, ही माहिती हुकमात नव्हती. ती शिपायानं आणली.

पांढुर्णा स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेलो. सामान थोडं. गाडी हलताना त्यांनी खिडकीतून विचारलं, "बीए, डाळ किती वेळ शिजवतात रे?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. "मलाही नाही," ते म्हणाले. आम्ही दोघं हसलो नाही.

काकू घर बंद करून लोधीखेड्याला आईकडे राहायला गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून बडेबाबूंची कार्डं माझ्या नावावर येत आणि मी ती शनिवारी नेऊन वाचून दाखवी. ज्या माणसानं माझा मसुदा सात वेळा लिहून घेतला, त्याचं पहिलं कार्ड असं होतं: "पुरण कसं करतात ते सविस्तर कळवावे. रविवारी साहेबांकडे पाहुणे आहेत. तातडीचे."

काकू सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. हरभऱ्याची डाळ किती, पाणी किती, गूळ किती. मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात चार वर्षं उभा राहिलो होतो, म्हणून मध्येच थांबलो.

"काकू, डाळ शिजल्यावर पाणी काढून घ्यायचं राहिलं."

"राहिलं तर राहिलं. पुढचं लिहा भाऊ."

"पुरण पातळ होईल. पोळी लाटताच येणार नाही."

"मले मालूम हाय." त्या चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. "तो साहेब यायले जेवणासाठी घेऊन गेला. जेवण नाही जमलं तर ठेवल कायले?"

बाजेवरून म्हातारी म्हणाली, "जायफळ जास्त लिव्हा. कडू होऊ द्या."

मी लिहिलं. त्यांचं चार वर्षांचं मीठ खाल्लेला मी, सुवाच्य अक्षरात, समास सोडून, जसं त्यांनी शिकवलं होतं तसं लिहिलं आणि टपालात टाकलं. पुढच्या कार्डात कढी फाटते अशी तक्रार होती. काकूंनी सांगितलं, जाळ मोठा करा, खळखळ उकळू द्या. वडे दगडासारखे होतात म्हणाले. काकू म्हणाल्या, पीठ आणखी घट्ट भिजवा. दर कार्डासरशी त्यांचं अक्षर लहान होत गेलं. एका कार्डाच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता आणि त्याखाली लिहिलं होतं, "बोट भाजले आहे, अक्षर क्षमस्व." ते वाचून दाखवल्यावर काकू उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत. मला वाटलं, आता खरं ते लिहायला सांगतील. आल्या त्या डोळे पुसून. "थालीपिठाचं विचारलं ना? लिहा, मीठ दोनदा घाला."

होळीच्या आधी कागद आला. आवक वहीत तो मीच चढवला. कामाची गरज राहिली नसल्यामुळं बडेबाबूंना मूळ जागी परत पाठवण्यात येत आहे. मी तो कागद नकलून घेतला आणि शनिवारची वाट न पाहता लोधीखेड्याची गाडी पकडली.

काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, त्या कार्डाचं यायले सांगू नका. बिचारे शरमतील."

मी सांगितलं नाही. बडेबाबू परत आले, म्हातारीच्या शेवटापर्यंत दर शनिवारी लोधीखेड्याला जात राहिले, सौंसरातूनच निवृत्त झाले. आज ते नाहीत, काकूही नाहीत, म्हणून लिहायला धजलो. पांढुर्ण्याच्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, अगदी शेवटी दवाखान्यात माझ्या हातून पेज पितानासुद्धा ते सगळ्यांना एकच सांगत, की भोपाळचं पाणीच असं आहे, त्यात पुरण जमतच नाही; मी स्वतः करून पाहिलं आहे, बीएला विचारा. आणि लोक माझ्याकडे पाहत, तेव्हा मी दर वेळी मान डोलावत असे.